ओली खोली

६ जानेवारी

प्रिय छोटू,

पत्र बघून दचकू नकोस, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. फोन सोडून पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. मी "अरे, माझा..." म्हणेपर्यंत तू "कळलं, कळलं" म्हणून भलत्याच गोष्टीवर उपाय सांगतोस आणि ठेवून देतोस. मागे मी गुडघा दुखतो म्हणून सांगायला गेले, तर तू गच्चीला डांबर मारायला सांगितलंस. कागदावर तुला मधे तोंड घालता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

बातमी अशी की मला काम मिळालं आहे. म्हणजे जवळजवळ मिळालं आहे. माणसं हल्ली पुस्तक हातात धरत नाहीत, कानात घालतात. अशी पुस्तकं तयार करणाऱ्या एका कंपनीला वाचणारी बाई हवी होती. मी मोबाइलवर चार पानं वाचून पाठवली आणि त्यांनी मला अख्खी कादंबरी दिली. नदीवर होडी चालवणाऱ्या एका बाईची गोष्ट आहे. जन्मभर ती लोकांना पलीकडे नेऊन सोडते आणि तिची चौकशी कुणी करत नाही. फार छान लिहिली आहे.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी सलग असं काही बोललेच नव्हते रे. वर्गात मी तोंड उघडलं की पोरं गप्प बसायची. घरी मी तोंड उघडलं की हे वर्तमानपत्र उघडतात. मग कधीतरी आतून "हं" येतं, पण ते मला असतं की एखाद्या बातमीला, हे मला अजून समजलेलं नाही. म्हणून मला हे काम हवं आहे. पैसे फार मिळणार नाहीत, त्याचं काही वाटत नाही. मी बोलायला लागले तर कुणीतरी शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता अडचण. मुलगा परगावी गेल्यापासून मागची खोली रिकामीच होती. तिथे टेबलावर माइक ठेवून मी नमुना पाठवला. रेकॉर्डिंगच्या मुलीचं उत्तर आलं, "वाचन सुंदर आहे. फक्त खोली थोडी ओली आहे. जरा कोरडी करून पुन्हा पाठवा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चारही भिंतींना हात लावून पाहिले, हाताला काही लागलं नाही. पण त्यांच्या यंत्राला ऐकू गेलं म्हणजे असेलच कुठेतरी. आमच्या घरात ओल कुठे आहे, हे परक्या मुलीला विचारायची लाज वाटली. तुझा तर धंदाच ओल काढण्याचा. स्वस्तातला उपाय कळव. खर्च फार झाला तर हे वर्तमानपत्र खाली ठेवून माझ्याकडे बघतील, आणि तशी सवय आता राहिलेली नाही.

तुझी ताई

•

१४ जानेवारी

ताई,

लांबूनच पाया पडतो, माझाही गुडघा आता कुरकुरतो.

तू योग्य माणसाला लिहिलंस. गावातल्या निम्म्या इमारती आज कोरड्या उभ्या आहेत त्या माझ्या जिवावर. मी दारात पाऊल टाकतो आणि वासावरून सांगतो की ओल कुठे आहे. आता आवाजावरून ओळखणारी मुलगी निघाली म्हणतेस, तर तिला माझ्याकडे नोकरीला पाठव, कंपनीपेक्षा जास्त पगार देतो.

भिंतीला हात लावून ओल कळत नसते. ती भिंतीच्या पोटात असते, आणि तिला खाऊपिऊ घालतात त्या खोलीतल्या वस्तू. गादी, जाड पडदे, गालिचा, पुस्तकं, कपड्यांनी भरलेलं कपाट, ह्या सगळ्या पाणी धरणाऱ्या जाती. सगळं बाहेर काढ. खोली तळहातासारखी कर. टेबल, खुर्ची आणि तू, बाकी काही नको. खर्च शुन्य. भावजींना कळणारसुद्धा नाही.

काळजी करू नकोस. तुझ्या भावाने हातात घेतलेली भिंत आजवर ओली राहिलेली नाही.

तुझा छोटू

•

२ फेब्रुवारी

छोटू,

ह्यांना कळलं. कपाट आणि गादी बैठकीत आल्यावर हे त्यांवरून चढून वर्तमानपत्रापर्यंत पोहोचतात.

रिकाम्या खोलीत मी मोठ्या उमेदीने पहिलं प्रकरण वाचलं. मला स्वतःला माझा आवाज भरदार वाटला, शाळेच्या सभागृहात वाटायचा तसा. मुलीचं उत्तर असं: "मॅडम, ही तर आधीपेक्षा खूपच ओली झाली. बाथरूममध्ये बसून वाचलंत का? प्रत्येक शब्दाला लांब शेपूट येतं आहे."

बाथरूम काढलं तिने माझं. मी पण कळवलं की आमच्या घरी नळसुद्धा गळत नाही. शेपटाचं मात्र मला समजलं नाही. मी सगळ्या फटींत पाल शोधली. एकही दिसली नाही.

आणखी एक तुला सांगते, ह्यांना सांगितलेलं नाही. मुलगी म्हणाली की नमुना लवकर जमला नाही तर साहेब हे पुस्तक कॉम्प्युटरच्या आवाजात करून टाकणार. कॉम्प्युटरला खोली लागत नाही, चहा लागत नाही. मी त्या आवाजातलं एक पान ऐकलं. होडीवाल्या बाईची आई मरते ते त्याने बँकेतल्या सूचनेसारखं वाचलं. ते ऐकून मला रडू आलं, आणि ते आई मेल्याचं नव्हतं. ते पुस्तक माझ्या हातून जाऊ देऊ नकोस.

ताई

ता.क. 'शून्य' मधला 'शू' दीर्घ. तुझ्या पत्रात ऱ्हस्व होता. मी मनातल्या मनात दुरुस्त केला आहे.

•

९ फेब्रुवारी

ताई,

बाथरूम हा शब्द वाचला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती मुलगी हुशार आहे. तुझ्या त्या खोलीची मागची भिंत आणि तुमच्या बाथरूमची भिंत एकच आहे, हे विसरलीस का? पाणी तिथूनच येतंय. सामान बाहेर काढल्यावर ते मोकळं सुटलं, म्हणून ओल वाढली. रोग बाहेर पडतो आहे, ही सुधारणाच समज.

आता मुळावर घाव घालू. चारही भिंतींना घोटीव सिमेंटचा गिलावा, त्यावर आमचा खास लेप, आणि वरून छतापर्यंत टाइल्स. टाइल्सच्या आरपार जाणारं पाणी अजून जन्माला आलेलं नाही. माझ्या गोदामात एका गिऱ्हाइकाने नाकारलेल्या टाइल्स पडून आहेत. निळ्या आहेत आणि प्रत्येकीवर एक मासा आहे. तुला फुकट. माणसंही माझीच पाठवतो. तुला फक्त त्यांचा चहा पडेल.

कॉम्प्युटरला घाबरू नकोस. माझ्या बहिणीच्या पुढे तो काय वाचणार.

छोटू

•

३ मार्च

प्रिय मेहुणे,

हे पत्र तुमच्या बहिणीला न सांगता लिहीत आहे. मी सहसा पत्र लिहीत नाही, बोलतही नाही, हे तुमच्या कानावर असेलच.

तुमची माणसं काम करून गेली. काम चोख आहे. मागच्या खोलीत आता चहूबाजूंनी मासे आहेत. काल मी तिथे शिंकलो, तर माझ्यानंतर खोली बराच वेळ शिंकत होती. दार लावताना कडी वाजली ती आतून कुणीतरी उत्तर दिल्यासारखी. मला त्यातलं काही कळत नाही, पण नव्या कोऱ्या, कोरड्या ठणठणीत भिंतीचं असं होऊ नये, असं आपलं वाटतं.

तिसरा नमुना परवा गेला. काय उत्तर आलं ते तिने मला सांगितलं नाही. उत्तर वाचून तिने माइकवर टॉवेल टाकला आणि स्वयंपाकघरात गेली. तेव्हापासून ती बोलत नाही. जेवायला वाढते, भांडी लावते, पण बोलत नाही. वास्तविक मला निवांत वाचता यायला हवं. पण मी एकच पान सकाळपासून धरून बसलो आहे आणि ते सरकत नाही. मला तिचं सगळं ऐकू येत असतं, मी फक्त उत्तर देत नाही. त्यात फरक आहे. तो तिला कधी पटला नाही.

एक विचारतो. खोली ओली म्हणजे काय, हे त्या मुलीला कुणी विचारलं आहे का?

तुमचे भावजी

•

८ मार्च

प्रति,
रेकॉर्डिंग विभाग
(रजिस्टर पोस्टाने)

महोदया,

मी खाली सही करणार ओलप्रतिबंधक कामांचा जुना व नामांकित ठेकेदार असून, आपण तीन वेळा ओली ठरवलेल्या खोलीची मी स्वतः प्रवास करून, यंत्र लावून तपासणी केली. आपल्या तक्रारीवरून आधी खोलीतलं सर्व सामान बाहेर काढलं व नंतर भिंतींना छतापर्यंत टाइल्स लावल्या असून, चारही भिंती, छत, फरशी व दाराची चौकट यांत ओलीचा मागमूस आढळला नाही. यंत्राचा काटा जागचा हलला नाही. एवढी कोरडी खोली मी माझ्या हयातीत पाहिलेली नाही. तसं प्रमाणपत्र सही-शिक्क्यासह सोबत जोडलं आहे, ते दर्शनी भागात लावावं.

सबब, आपल्याला जी ओल ऐकू येत आहे ती आपल्याच कार्यालयातली असावी. कळवल्यास येऊन पाहून जाईन, बघण्याचे पैसे घेत नाही.

माझ्या बहिणीचं वाचन आपण एका खोट्या ओलीपायी नाकारत आहात. ती घरी बोलेनाशी झाली आहे. ओली म्हणजे आपल्याला नक्की काय म्हणायचं आहे, ते लेखी कळवावं.

आपला,
ठेकेदार

•

१५ मार्च

आदरणीय काका,

तुमचं रजिस्टर मिळालं. आमच्या ऑफिसात रजिस्टर येण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे त्यावर सही कुणी करायची यासाठी आधी मीटिंग झाली. प्रमाणपत्र मी खरंच भिंतीवर लावलं आहे.

काका, चूक माझी आहे. आम्ही दिवसभर तेच शब्द वापरतो आणि बाहेरच्या माणसाला ते वेगळे वाटतील हे विसरतो. आमच्या धंद्यात ओली खोली म्हणजे घुमणारी खोली. शब्द बोलून झाला तरी भिंतीवर आपटून परत येतो, ते त्याचं शेपूट. कोरडी म्हणजे न घुमणारी. पाण्याचा त्यात काही संबंध नाही. गुळगुळीत, कडक भिंत आवाज परत फेकते. गादी, पडदे, कपडे, पुस्तकं तो गिळून टाकतात. मॅडमनी पहिल्यांदा पाठवलं तेव्हा खोली जवळजवळ बरोबर होती. एखादी रजई टांगली असती तरी चाललं असतं. नंतर प्रत्येक वेळी ती जास्त ओली का होत गेली, ते मला तुमचं पत्र वाचून आज कळलं. टाइल्सचं वाचून मी थोडा वेळ जागेवरून उठून गेले.

आता पैसे न घालवता एवढं करा. सगळं सामान परत आत न्या. मॅडमच्या पाठीमागे गादी उभी करा, कारण माइकचं तोंड तिकडे असतं. बाजूच्या भिंतींवर रजया टांगा, पण चिकटवून नकोत, वीतभर पुढे. खाली गालिचा. माइक खोलीच्या मधोमध ठेवू नका. मग टाळी वाजवून बघा, तिच्यामागे काही ऐकू येता कामा नये. आणि खोलीत एखादं माणूस बसवलं तरी फरक पडतो, माणूस मऊ असतो. फक्त गप्प बसणारं हवं.

साहेबांना मी महिनाअखेरपर्यंत थांबवून धरलं आहे. त्यापुढे माझं चालणार नाही. मॅडमसारखं हे पुस्तक कुणी वाचलेलं मी ऐकलेलं नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहिलं.

तुमची,
ध्वनिसंपादक

•

१९ मार्च

ताई,

मी बराच अभ्यास करून नव्या निष्कर्षाला आलो आहे. तुझ्या केसमध्ये पाण्याची ओल नसून आवाजाची ओल आहे. खोली घुमते, तिला ते लोक ओली म्हणतात. हा शब्द त्यांनी चुकीचा निवडला आहे आणि तसं मी त्यांच्या लक्षात आणून दिलं आहे. उपाय मी शोधून काढले आहेत. गादी तुझ्या पाठीशी उभी कर. रजया भिंतीपासून वीतभर पुढे टांग. गालिचा अंथर. माइक मधोमध नको. टाळी वाजवून परीक्षा घे. आणि खोलीत एखादं गप्प बसणारं माणूस बसव, ते आवाज शोषून घेतं. महिनाअखेरपर्यंत नमुना गेला पाहिजे.

टाइल्स तशाच राहू देत. भिंतींचं आयुष्य वाढलं, हा फायदा आहेच.

ताई, हे वरचं सगळं मी ऐटीत लिहिलं, मग पाकीट बंद करायला जमेना. तुझं काम गेलं तर ते माझ्यामुळे जाईल. तू सांगत होतीस आणि मी नुसता 'ओल' हा शब्द पकडून पुढचं ऐकलंच नाही. गेले दोन दिवस मला जेवण गोड लागत नाही.

छोटू

•

५ एप्रिल

प्रिय छोटू,

उपाय तुझे नाहीत हे मी लगेच ओळखलं, कारण ते बरोबर होते. वीतभर पुढे टांगायला तू कधी सांगणार नाहीस, तू सगळं भिंतीला चिकटवणारा माणूस. पण शेवटचा परिच्छेद तुझा होता, आणि त्यात ऱ्हस्व-दीर्घ सगळे बरोबर होते. आता जेव नीट.

सगळं आत नेलं. मासे रजयांमागे गेले, मधूनच एखाद्याचा डोळा दिसतो. टाळी वाजवली तर ती लगेच मेली. राहता राहिला गप्प बसणारा माणूस, तर तो आपल्या घरात तयारच होता. मी ह्यांना म्हटलं, "तुम्हाला रोज दुपारी माझ्यासमोर खुर्चीत बसायचं आहे. आवाज शोषायला. हलायचं नाही, शिंकायचं नाही, वर्तमानपत्राचा कागद वाजतो म्हणून तेही आणायचं नाही." मला वाटलं आता "हं" येईल. पण हे उठले, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि आत जाऊन बसले. घड्याळाची टिकटिक येईल, हे मला सुचलं नव्हतं.

लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्यासमोर रिकाम्या हातांनी कधी बसला नव्हता. पहिल्या दिवशी मी वाचायची विसरून त्यांच्याकडेच बघत बसले.

नमुना पास झाला. मुलीने एकच शब्द लिहिला, "कोरडी". आता रोज एक प्रकरण जातं. हे मांडीवर उशी घेऊन बसतात. ऐकतात की डोळे उघडे ठेवून झोपतात, ते त्यांनाच ठाऊक. मी विचारलं नाही. काम चाललं आहे, एवढं मला पुरे.

ताई

•

२८ एप्रिल

आदरणीय मॅडम,

पुस्तक पूर्ण मिळालं. साहेबांनी शेवटचं प्रकरण ऐकलं आणि कॉम्प्युटरचा विषय परत काढला नाही. पुढची कादंबरी लवकरच पाठवते.

एकाच जागेबद्दल विचारायचं होतं. सतराव्या प्रकरणात होडीवाली बाई तिच्या आईचं काहीतरी सांगायला लागते आणि उतारू ते अर्धवट टाकून किनाऱ्यावर उतरून चालायला लागतो. तुम्ही तिथे श्वास घ्यायला थांबल्या आहात, आणि त्या जागी एका पुरुषाचा आवाज आला आहे. अगदी स्पष्ट. "अरे, थांब की. तिचं बोलणं तर संपू दे." मग वाचायला लागता तेव्हा आवाज जरा बदललेला आहे, पण तो प्रसंगाला शोभतो म्हणून मी तसाच ठेवला.

ते वाक्य कापू ना?

तुमची,
ध्वनिसंपादक

•

४ मे

प्रिय मुली,

कापून टाक. पुस्तकात त्याचं काही काम नाही.

पण तो तुकडा फेकू नकोस, मला वेगळा पाठव. आमचे हे म्हणतात की मी असं काही बोललोच नाही, तो रजयांमागून आलेला आवाज असेल. त्यांच्या कानात घालून दाखवायचा आहे. त्याआधी मी दार लावून एकटी ऐकणार आहे.

तुझी,
मॅडम